चौथा चंद्र

माझी बायको माझ्यापेक्षा सगळ्याच बाबतींत वरचढ आहे, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. ते कबूल करायला एकतीस वर्षं लागली, आणि कबूल केल्यानं पोटातली जळजळ थांबली असंही नाही. लोक शेजाऱ्यांचा हेवा करतात, भाऊबंदांचा करतात. मी त्यासाठी उंबऱ्याबाहेर पडलोच नाही. घरातल्या घरात भागवलं.

मी घाटावरचा, सांगलीकडचा. तरुणपणी बोईसरला एमआयडीसीत एका कापड कंपनीच्या बॉयलरवर लागलो आणि इकडचाच झालो. ती माकुणसारची, चिकू-केळीच्या वाडीत वाढलेली. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच मैदान तिचं. उमरोळीला आम्ही घर बांधलं, तर महिन्याभरात सगळी आळी तिला ओळखायला लागली आणि मी 'त्यांचे मिस्टर' झालो. मासळीवाली मला जे बोंबील द्यायची ते घरून परत जायचे आणि बायकोच्या हातून ताजे होऊन यायचे. परसात मी लावलेली जास्वंद तीनदा मेली. तिनं जाता जाता खोचलेली फांदी आता कुंपणाच्या वर गेलीय. माझी सख्खी बहीण सांगलीहून फोन करते तो तिला, आणि अर्ध्या तासानं विचारते, "दादा बरा आहे ना?"

या सगळ्यात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बॉयलर. तिथं ती कधी आली नव्हती. भट्टीच्या दारात जाड काच लावलेलं एक भोक असतं, पीपहोल म्हणतात त्याला. डावा डोळा मिटायचा, उजवा काचेला भिडवायचा आणि आतली ज्वाला बघायची. लालसर, धुरकट दिसली तर हवा वाढवायची, झगझगीत पांढरी झाली तर कमी करायची. मीटर असतात, पण मीटर खोटं बोलतात हे प्रत्येक जुन्या माणसाला माहीत असतं. मी तीस वर्षं त्या भोकातून आग बघितली. कुठली आग उपाशी आहे आणि कुठलीला अजीर्ण झालंय, ते मी एका नजरेत सांगायचो, आणि नवीन लागलेली पोरं ते वहीत लिहून घ्यायची.

निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, निरोपाला काय देऊ? सगळे घड्याळ मागतात, नाहीतर गणपती. मी म्हणालो, दुर्बीण. जन्मभर वाकून आगीत बघितलं, आता जरा वर बघू. माझा पाळीतला जुना जोडीदार, बिहारचा, पोट धरून हसला. "दूरबीन से क्या देखोगे, दादा? भाभी को?" सगळे हसले, मीही हसलो. तो बोलला ते पुढं इतकं खरं होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुर्बीण मागण्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात आकाशातलं कुणालाच काही कळत नव्हतं. म्हणजे तिथं मी पहिला असणार होतो. शिवाय एका डोळ्यानं भोकातून बघणं हेच तर माझं काम, त्यात मला कोण शिकवणार? ही एकच गोष्ट अशी असावी की तिनं माझ्याजवळ येऊन विचारावं, "ओ, काय दिसतंय?" आणि मी सांगावं. एवढंच पाहिजे होतं. फार नव्हतं.

पौषात दुर्बीण घरी आली. तीन पायांची घोडी, त्यावर हातभर लांबीची पांढरी नळी, डोळ्याला लावायचं भिंग वेगळं, आणि सोबत एक घडीचा कागद. कागद मी चार दिवस पाठ केला. पाचव्या दिवशी संध्याकाळी परसात, धुण्याच्या दगडाजवळ, घोडी मांडली. अर्धा चंद्र डोक्यावर आला होता. इतका मोठा चंद्र नळीत पकडायला काय लागतं, असं कुणालाही वाटेल. मला पाऊण तास लागला. नळी इकडं जराशी हलवली की चंद्र तिकडं पळायचा, सरळ म्हणून लावावी तर उलटाच जायचा. शेवटी एकदाचा आत आला. दुधात बुडवलेला बल्ब दिसावा तसं काहीतरी पांढरं, कडा विरघळलेलं.

"आज चंद्रावर धुकं आहे," मी जाहीर केलं.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मला बघू."

मी तिला सांगणार होतो की डावा डोळा मिट, उजवा लाव, श्वास धर. तिनं दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून एक भिंगाला लावला, बाजूची चकती दोन बोटांनी जराशी फिरवली, आणि ओरडली, "अगो बाय! खड्डे बघा किती! नि हा कडेला डोंगर हाय, त्याची सावली पडलीय!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून लगेच शेजारीण डोकावली. तिच्यामागून तिची सासू. दहा मिनिटांत परसात पाच बायका उभ्या होत्या आणि माझी बायको त्यांना चंद्राचे डोंगर दाखवत होती, जणू तिच्या माहेरचे आहेत. मी पुन्हा डोळा लावला. दुधातला बल्ब. मनात म्हटलं, या बायका एकमेकींना बघून 'दिसलं दिसलं' म्हणतायत, थापा आहेत नुसत्या. पण शेजारणीची सासू म्हणाली की खड्ड्याच्या मधोमध एक टेकडी आहे, आणि माझी बायको म्हणाली की हो, मला पण दिसली. थापा इतक्या जुळत नाहीत, हे मला कळत होतं.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. मी कागद वाचून, होकायंत्र लावून, अंश मोजून नळी फिरवायचो. ती यायची, नळीच्या पाठीवरून एकदा नजर टाकायची, आणि नळी बरोबर जागेवर. लहानपणी वाडीत दगड मारून कैऱ्या पाडायची, तो नेम. कसं करतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "कसं म्हंजे? तो तिथे हाय, नळी तिथे केली." मृगाच्या पोटातले तीन तारे मी कागदावर शोधत बसलो होतो, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते तिकांडं होय? बाबा पाटाचं पाणी सोडायला उठायचे तवा तेच बघून उठायचे." झालं. ज्याला मी शास्त्र म्हणत होतो ते तिच्या घरचं गजराचं घड्याळ निघालं.

एका संध्याकाळी मी शुक्र पकडायला तासभर झगडत होतो. ती मागून आली आणि तिनं नळीला बोट लावून तो आत आणून ठेवला. माझं डोकं फिरलं.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. "या घरात एक तरी गोष्ट माझी असू दे!"

तिनं हात काढून घेतला. "असू दे की," ती म्हणाली. "तुमचीच हाय." आणि आत गेली.

त्या दिवसापासून ती दुर्बिणीच्या जवळ फिरकली नाही. पण माझा संशय जात नव्हता. मी बाजारात गेल्यावर ही गुपचूप बघत असेल, शेजारणींना बोलावत असेल. म्हणून मी भिंगच काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागलो. बँकेत जाताना, दवाखान्यात जाताना, देवळात जाताना खिशात भिंग. साठीच्या माणसानं करायची गोष्ट नव्हे, पण केली. ती मात्र सगळं ओळखून होती. सदरा धुवायला टाकताना खिसा उलटा करून भिंग काढायची, पदराच्या टोकानं पुसायची आणि माझ्या उशाशी ठेवायची.

मग मला मंगळ सापडला.

उत्तरेला, शेजाऱ्यांच्या नारळाच्या अंगाला, बराच खाली. लाल, गोल, तेजस्वी. बाकीचे ग्रह नळीतून सरकून पळायचे, हा मात्र जाग्यावर थांबायचा. मला वाटलं, आता आपला हात बसला. तीन संध्याकाळी मी तो एकट्यानं बघितला. लाल धुकं, मध्ये जास्त लाल. भट्टीतल्या ज्वालेची सवय असलेल्या माझ्या डोळ्याला ते ओळखीचंच वाटलं. चौथ्या दिवशी रविवार होता. मी शेजाऱ्यांना, त्यांच्याकडे जळगावहून आलेल्या पाहुण्यांना आणि समोरच्या निवृत्त मास्तरांना परसात बोलावलं. बायकोला मुद्दाम बोलावलं नाही, पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, ऐकू जावं म्हणून.

मास्तरांनी डोळा लावला. चकती मागंपुढं फिरवून बघितली. मग म्हणाले, "मंगळाला शिडी असते का हो?"

"शिडी?"

"लोखंडी शिडी आहे. आणि कठडा. उलटं दिसतंय सगळं, पण कठडाच आहे."

तोवर बायको दारात आली होती. तिनं दुर्बिणीकडे बघितलंही नाही, नळीचं तोंड कुठं आहे ते बघितलं. "ओ," ती म्हणाली, "ती चिमणी हाय. तुमचीच. तुमच्या कंपनीची."

ज्या चिमणीच्या बुडाशी मी तीस वर्षं काढली तिच्या टोकाला लाल दिवा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बुडाशी काम करणारा माणूस टोकाकडे कधी बघतो? परसात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. जळगावचे पाहुणे तर गावी जाऊन सांगणार होते.

ती हसली नाही. म्हणाली, "तुमी रातपाळीला असलात की तो दिवा दिसतो का बघूनच मी दार लावायची. वीस-बावीस वर्षं बघते. मला नाय कळणार तर कोणाला?" हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. माझी बाजू घेऊन सांगितलं, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की हिला हेही माझ्याआधी माहीत होतं. माझी चिमणीसुद्धा तिचीच निघाली.

माघी गणपतीला तिच्या माहेरी जायचा रिवाज. मेव्हणा पालघरच्या बाजारात चिकू टाकून वाट वाकडी करून घरी येतो आणि आम्हाला त्याच्या टेम्पोतून नेतो. यंदा टेम्पोत बसताना तो म्हणाला, "भाऊजी, दुर्बीण घ्या की. सगळी वाट बघतायत. ताई बोलली, तुमी मस्त दाखवता."

मी बायकोकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. चिमणीचं प्रकरण तिनं माहेरी सांगितलं नव्हतं. याचाही मला राग आला. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

माकुणसारला वाडीच्या मागं उघडी जागा आहे, आमच्या परसापेक्षा अंधार दाट. आरती झाली, मोदक झाले, आणि तीस-पस्तीस माणसं खुर्च्या, चटया घेऊन मागं जमली. पश्चिमेला चवथीची कोर होती. मला हायसं वाटलं. चंद्र दाखवायचा, धुकं असो नसो, चंद्राला नाही कोण म्हणणार? मी नळी तिकडं वळवली तेवढ्यात चुलतसासूबाई कडाडल्या, "जावईबापू, काय करताव? आज चवथ हाय! चंद्राकडे नाय बघायचं, चोरीचा आळ येतो!"

"माघातल्या चवथीला चालतं, काकी," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या वाडीत नाय चालत."

संपलं. सगळ्यांनी कोरीकडे पाठ करून खुर्च्या फिरवल्या. मेव्हणा म्हणाला, "मग तो गुरू दाखवा, भाऊजी. तो डोक्यावरचा. त्याला चंद्र हायत म्हणे. त्याचे चंद्र चालतील ना, काकी?" चुलतसासूबाईंनी विचार करून परवानगी दिली. त्या चंद्रांबद्दल पुराणात काही आलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी खिशातून भिंग काढून बसवलं आणि मान मोडून शोधायला लागलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोरं कुजबुजायला लागली. तेवढ्यात बायको पुढं आली, "घोडीचा पाय मातीत रुततोय, जरा बघते," म्हणाली, खाली वाकली, पाय हलवल्यासारखं केलं आणि बाजूला झाली. मी डोळा लावला तर नळीत उजेड होता. पाय अजिबात रुतलेला नव्हता.

जावई म्हणून पहिला मान माझा. मी डावा डोळा मिटून उजव्यानं बघत होतो. पांढरा, विरघळलेला, फुगलेला उजेड. दुसरं काहीही नाही.

"किती हायत चंद्र, भाऊजी?"

कागदावर छापलेलं होतं: छोट्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसतात.

"चार," मी म्हणालो. एक क्षणही घेतला नाही.

माझ्यामागं बायको होती. तिनं बघितलं. नेहमी पटकन बोलणारी ती, त्या वेळी तिनं फार वेळ घेतला. मग म्हणाली, "हो. चार."

तिच्यामागं मेव्हणा. "कुठे चार? तीनच हायत. एका रांगेत तीन." त्याची बायको म्हणाली तीन. भाचीला तीन दिसले. चुलतसासूबाईंना घोडीजवळ खुर्ची देऊन बसवलं, त्यांनी चष्मा काढून बघितलं आणि बोटांवर मोजलं. तीन.

"मग तुमाला दोघांना चार कसे दिसले?" मेव्हणा म्हणाला.

"नवरा-बायकोला सारखंच दिसतं, बाबा," त्याची बायको म्हणाली आणि सगळे हसले.

"चौथा मागं गेला असेल एवढ्यात," मी म्हणालो. "फिरतात ते. कागदात दिलंय." लोकांना ते पटलं. विषय संपला आणि कुणीतरी चहा आणला.

आता माझी खरी नीचपणाची गोष्ट सांगतो. त्या रात्री मी वर्षात झोपलो नव्हतो तसा गाढ झोपलो. कारण मला हिशोब लागला होता. मला काही दिसलं नव्हतं, मी थाप मारली होती. तिनंही चार म्हटलं, आणि होते तीन. म्हणजे तिलाही दिसत नाही! तीही माझ्यासारखीच थाप मारते. चंद्रावरचे खड्डे, डोंगर, सावली, सगळं ऐकीव. एवढे दिवस मी ज्या डोळ्यांवर जळत होतो त्या डोळ्यांत काही नव्हतंच. सकाळी टेम्पोत मी गुणगुणत होतो. मेव्हण्यानं विचारलं, "भाऊजी, आज खुशीत?" मी म्हणालो, सासरचा मोदक चांगला होता.

घरी आल्यावर ती परसात सुक्या जवळ्यातला कचरा निवडत बसली होती. मला राहवलं नाही. आपण पकडलेला चोर आपणच सोडून द्यायचा, अशा थाटात मी शेजारी बसलो.

"काल तुला चार दिसले?"

"नाय. तीन होते," ती म्हणाली. सुपातून मान वर केली नाही.

"मग चार का म्हणालीस?"

"तुमी चार बोललात ना." तिनं एक काडी वेचून बाजूला टाकली. "माझ्या माहेरी, सगळ्यांच्या पुढे, जावई खोटा पडला असता."

ती पुढं म्हणाली, "तुमाला उजव्या डोळ्यानं दिसत नाय. मला ठाऊक हाय ते. दिवाळीपासून तुमी चहा बशीच्या बाहेर ओतताव. उजव्या बाजूनं कोण आलं तर दचकताव. नि त्या चिमणीच्या दिवशी तर पक्कं झालं. शिडी दिसत होती, मास्तरांना दिसली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून बघितलं असतं. पण तुमी बोललात, एक तरी गोष्ट माझी असू दे. म्हटलं, असू दे."

मी उठून आत गेलो. संताप झाला होता, आणि कुणावर करायचा ते कळत नव्हतं. तीस वर्षं आगीकडे ज्या डोळ्यानं बघितलं तोच डोळा आगीनं खाल्ला होता; पालघरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की भट्टीवरच्या माणसांना मोतीबिंदू लवकर होतो. पण त्याचं मला एवढं वाटलं नाही. माझा जीव जळत होता तो याच्यावर की मी ज्यावरून तिचा हेवा केला ते तिच्याकडे होतंच, आणि वर ते तिनं तीस-पस्तीस माणसांपुढं माझ्यासाठी खाली ठेवलं होतं, किती सहज, हातातली पिशवी ठेवावी तसं. मला जमलं असतं का? समजा मला तीन दिसले असते आणि ती चार म्हणाली असती. मी 'तीन' असं इतक्या जोरात ओरडलो असतो की वैतरणेपर्यंत ऐकू गेलं असतं.

दोन दिवस मी दुर्बिणीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर तिनंच घोडी परसात आणून ठेवली.

"भिंग द्या," ती म्हणाली. मी खिशातून काढून दिलं. तिनं गुरू नळीत आणला, मला हाताला धरून धुण्याच्या दगडावर बसवलं. "आता डाव्या डोळ्यानं बघा."

बघा म्हणणं सोपं होतं. डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटायला गेलो तर मिटेचना. तीस वर्षं जो डोळा उघडा राहायला शिकला होता त्याला मिटणं माहीतच नव्हतं. उजवा मिटायला जावं तर दोन्ही मिटायचे, नाहीतर सवयीनं डावाच मिटायचा. तोंड वाकडं करून, गाल ओढून बघितलं. ती हसायला लागली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या हसण्याचा राग आला नाही, कारण मलाही हसू येत होतं. मग ती माझ्यामागं उभी राहिली आणि तिनं आपला तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. हाताला जवळ्याचा वास होता.

"आता?"

आता एक गोल होता. उजेडाचा गोळा नव्हे, कडा असलेला, पुरा गोल, नाण्यासारखा. त्याच्यावर दोन फिक्या तपकिरी रेघा. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, एका ओळीत, मिठाचे कण सांडावेत तसे ठिपके. माझ्या तोंडून आवाज निघाला. कसला ते मला सांगता येणार नाही. तिचा 'अगो बाय' मला त्या दिवशी कळला.

"किती हायत?" तिनं विचारलं.

या वेळी मी घाई केली नाही. गुरू सरकत सरकत नळीच्या कडेला गेला, तिनं दुसऱ्या हातानं तो परत आणला, मी पुन्हा मोजले.

"तीन," मी म्हणालो. "थांब. चार. एक अगदी चिकटून आहे, उजव्या अंगाला. गोळ्याला टेकलाय जवळजवळ."

"खरं?"

"खरं. आईशप्पथ चार."

तिनं तळवा काढला आणि स्वतः वाकून बघितलं. नेहमीसारखे दोन्ही डोळे उघडे. फार वेळ बघितलं. माकुणसारला बघितलं होतं तेवढाच वेळ.

"मला तीनच दिसतात," ती म्हणाली.

मी स्वतःच्या हातानं उजवा डोळा झाकून पुन्हा बघितलं. चौथा तिथंच होता, स्पष्ट. सहा किलोमीटरवरचा चिमणीचा दिवा जी उंबऱ्यातून ओळखायची, नुसत्या नजरेच्या नेमानं नळीत तारे आणायची, तिला हा दिसत नाही?

"नीट बघ. उजव्या अंगाला."

"बघितलं."

"तू खरं बोलतेयस?"

"आता नाय दिसला तर काय करू?" ती म्हणाली. आत कुकरची शिट्टी झाली तशी ती दाराकडे निघाली. "असू दे. तेवढा एक तुमचा."

मी डोळ्यावर हात धरून बघत राहिलो. चौथा चंद्र गोळ्याला चिकटून होता, माझा एकट्याचा, आणि मला माझ्या बायकोचा इतका हेवा वाटत होता की मान दुखायला लागली तरी मी दगडावरून उठलो नाही.